टोपीकडे न गेलेला हात

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे बसते तेव्हा तिथेही इकडचं तिकडचं बोलून उठते — त्याला कळत नसेल असं नाही, पण माझ्या तोंडून नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. शिवाय शनिवार जवळ आलाय. शनिवारी सई सगळ्यांसमोर पडणार आहे, आणि ते ठरल्यापासून मी रोज ताट अर्धं टाकून उठते.

असं अर्धवट बोलून काय कळणार तुम्हाला. थांबा, नीट सांगते.

सई माझी मुलगी, सतरा वर्षांची. आम्ही सिंगापूरला, हौगांगमध्ये राहतो. शिरीष, माझा नवरा, जहाजावर इंजिनिअर आहे, त्यामुळे वर्षातला अर्धा काळ तो पाण्यावर आणि मी ह्या फ्लॅटमध्ये. कंपनीचं काम घरूनच करते. सध्या मात्र तो घरी आहे. शनिवारी इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम आहे, त्यात सई तिच्या पणजोबांवर काहीतरी करणार आहे. पणजोबा म्हणजे शिरीषचे आजोबा. त्यांना घसरे मास्तर म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते त्यांच्या हयातीतच लोक विसरले.

मास्तर पोरवयात तमाशाच्या फडाबरोबर पळून गेले. सोंगाड्याच्या मागे उभं राहून त्याच्याच नकला करायचे. पुढे जत्रांमधून स्वतःचे नकलांचे खेळ लावले — जादूगार आणि कसरतवाल्याच्या मधे, जिथे जागा मिळेल तिथे. मग एका संगीत नाटक मंडळीत शिरले. काम काय, तर नोकराचं. नायक पद आळवतोय, आणि मागून हा नोकर पाट मांडायला येतो आणि पाटासकट आडवा! एका गावात म्हणे ‘वन्स मोअर’ पदाला मिळालाच नाही, पडण्याला मिळाला. नायकाने दुसऱ्याच दिवशी ह्यांचं बोचकं बाहेर ठेवलं.

मग मूकपट आले, आणि मास्तरांचे दिवस आले. गाणं नाही, संवाद नाही, नुसतं अंग. पडद्यावर ते जिन्यावरून पडत, बैलगाडीतून पडत, स्वतःच्याच लग्नात बोहल्यावरून पडत. डोक्यावर काळी टोपी. पडताना त्यांचा उजवा हात आधी टोपीवर जायचा — हाडं मोडायची वेळ आली तरी ह्या माणसाला काळजी टोपीची! लोक ह्यालाच पोट धरधरून हसत. आणि पडल्यावर उठायचं नाही. हसू ओसरेपर्यंत निपचित पडायचं, लोक जरा चपापले, कुजबुजायला लागले, की एक डोळा उघडायचा. तेवढ्यावर त्यांनी कितीतरी चित्रपट काढले. पुढे पडदा बोलायला लागला. मास्तरांचा आवाज चिरका. पहिल्याच बोलपटात त्यांनी तोंड उघडलं आणि लोक भलत्याच जागी हसले. त्यानंतर ते परत नाटक मंडळ्यांमधून फिरले, मग लग्नामुंजीत पडून दाखवू लागले, आणि शेवटी घरच्या ओट्यावर. म्हातारपणी बोलायचेच कमी.

मी काही त्यांना पाहिलं नाही. हे सगळं मला आप्पांनी सांगितलं. आप्पा म्हणजे माझे सासरे, मास्तरांचा एकुलता एक मुलगा. जन्मभर बँकेत खाली मान घालून नोकरी केली, पण बापाकडून एक गोष्ट घेतली होती. पडणं.

सासूबाई गेल्यावर आप्पा आमच्याकडे आले. व्हिजिट पासवर राहायचे, तो वेळोवेळी वाढवून घ्यायचा. इथे त्यांना करमायचं नाही. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, चिनी म्हातारे कॉफी पीत बसायचे, त्यांच्यात जाऊन बसत. ना त्यांची भाषा ह्यांना, ना ह्यांची त्यांना. मग एके दिवशी आप्पांनी काळी टोपी घातली, त्यांच्यासमोरून ऐटीत चालत गेले आणि — धप्प. म्हातारे आधी उठून उभे राहिले, आणि आप्पांनी एक डोळा उघडल्यावर असे हसले की त्यांची कॉफी सांडली. त्या दिवसापासून आप्पा त्या ब्लॉकचे लाडके झाले. तेव्हा सईचं आजोबांवाचून पानही हलत नसे. ती हसायची म्हणजे काय — खिंकाळायची अक्षरशः. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं.

आणि मी? माझा जीव टांगणीला. म्हातारा माणूस, ऐंशीच्या घरातला, आणि कधी लिफ्टच्या दारात आडवा, कधी सेरंगूनच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यासमोर. दर वेळी मी धावत जायची, आणि दर वेळी एक डोळा उघडायचा. एकदा शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली, त्या माणसांची माफी मागता मागता माझी पुरेवाट झाली. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. आप्पांनी पाहिलं.

ते स्वयंपाकघरात आले, माझ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी मला घराण्यातली गोष्ट सांगितली. त्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे. मास्तर कधी पडणार हे हँडल मारणाऱ्याला आधी कळायला हवं, म्हणून दोघांनी खूण ठरवली होती. हात टोपीला गेला की पडणं आलं. लोकांना ज्याचं हसू यायचं, ती मुळात खूण होती. एकदा शूटिंगच्या वेळी मास्तर माळ्यावरून खाली आले. सगळे हसत होते, मालकसुद्धा. पण हात टोपीकडे गेला नव्हता. हँडलवाल्याने हँडल सोडलं आणि तो धावला. मास्तर खरोखरच पडले होते, डोक्यातून रक्त येत होतं. तो धावला म्हणून ते वाचले, आणि म्हणून मी जन्माला आलो, असं आप्पा म्हणाले.

“शिरीषलाही हे माहीत नाही. सांगितलं की गंमत जाते. पण तू घाबरतेस म्हणून तुला सांगतो. हात टोपीकडे गेला की समज, मी खेळतोय.”

बघा, माझ्या भीतीवर त्यांनी हे औषध दिलं होतं. घरातल्या कुणालाही दिलं नव्हतं, मला दिलं. आणि त्याचा गुणही आला. त्यानंतर ते पडले की मी हाताकडे बघायची, हात टोपीवर असायचा, आणि मी निवांत भाजी चिरत राहायची.

आता — आता पुढचं सांगते.

पाच वर्षं झाली. एका शनिवारी माझ्या ऑफिसची माणसं घरी जेवायला होती. मी दोन दिवस राबले होते. आप्पा वाटी घेऊन बाहेर आले आणि श्रीखंडाच्या वाटीसकट आडवे झाले. माझी मॅनेजर किंचाळली, तिच्या कपड्यांवर श्रीखंड. हात टोपीवर होता हो, मला दिसलं होतं, मला भीती वाटली नाही, राग आला. सगळे गेल्यावर मी त्यांना नको नको ते बोलले. बोलताना मला थांबताच येईना. शेवटी मी म्हणाले, “उद्या खरंच पडलात ना, तर कुणी उठवायला येणार नाही.”

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “तुला कळेल. तुला सांगून ठेवलंय मी.”

दुसऱ्या दिवशी रविवार. शिरीषचा वाढदिवस जवळ आला होता, तो जहाजावर, म्हणून सईच्या डोक्यात आलं की आजोबांचं पडणं व्हिडिओत घ्यायचं आणि बाबांना पाठवायचं. आप्पांचं मन नव्हतं. सकाळपासून चहासुद्धा अर्धा टाकला होता, डोकं जड आहे म्हणाले. मी लक्ष दिलं नाही. कालचा राग होताच. सई मागेच लागली तेव्हा त्यांनी टोपी घातली. मी उभ्याने फोन धरला, सई माझ्याशेजारी सोफ्यावर.

ते खोलीच्या त्या टोकापासून चालत निघाले. मास्तरांची ती ऐटबाज चाल. टीपॉयपर्यंत आले, थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि पडले.

सई खिंकाळली.

त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता. टोपी डोक्यावरून निघाली आणि घरंगळत टीव्हीच्या टेबलाखाली गेली. मी ते पाहिलं. ऐका, मी पाहिलं. मला कळलं. त्याच क्षणी, लख्ख कळलं. आणि मी फोन तसाच धरून उभी राहिले.

किती वेळ? व्हिडिओ किती लांब आहे ते मला पाठ आहे. इथे लिहीत नाही, हात धजत नाही. सई हसते आहे, मग हसू कमी होतंय, मग ती हळूच म्हणते, “आजोबा?” — आणि तरी मी उभीच आहे.

का उभी राहिले? ह्याचं उत्तर मी पाच वर्षं शोधते आहे आणि दर वेळी निराळं सापडतं. कधी वाटतं, मी गोठले. पण गोठलेल्या माणसाच्या डोक्यात काही चालत नाही, आणि माझ्या डोक्यात तर सगळं चालू होतं. नवरा समुद्रावर. आता हॉस्पिटल, बेडपॅन, रात्रंदिवस मी एकटी. अजून थोडा वेळ हे खोटंच असू दे, असं मला वाटत होतं. धावले की खरं होईल. आणि त्याच्याही खाली — लिहूनच टाकते — काल बोलले होते ना मी, कुणी उठवायला येणार नाही म्हणून? तेच मनात आलं. पडा आता. हे शब्द माझ्या मनात आले, मराठीत, माझ्याच आवाजात. तेव्हापासून मला माझी भीती वाटते. रस्त्यात कुणी ठेचकाळलं तरी मी आधी मान फिरवते, न जाणो आता माझ्या मनात काय येईल.

सई उठली. तिने आजोबांना हलवलं, तिने किंकाळी फोडली, तेव्हा कुठे मी फोन खाली ठेवला.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, ते कोसळल्यावर किती वेळाने तुमच्या लक्षात आलं? साधा प्रश्न होता. ते काही उलटतपासणी घेत नव्हते, त्यांना औषध ठरवायचं होतं. मी म्हणाले, लगेच. मग त्यांनी मी सांगितलेली पडल्याची वेळ आणि ॲम्ब्युलन्सला फोन केल्याची वेळ ताडून पाहिली, आणि पुन्हा विचारलं. तेव्हा मी जे बोलले ते त्या दिवसातलं सगळ्यात वाईट होतं. तुम्हाला वाटलं असेल की सांगायचं ते मी सांगून झाले. नाही. हे सांगायचं होतं.

मी म्हणाले, मुलगी हसत होती. ती एवढी हसत होती की मलाही वाटलं, नेहमीचं नाटक आहे.

सई तिथेच उभी होती. बारा वर्षांची, शाळेचा टी-शर्ट घातलेली, पायात दोन वेगळ्या चपला. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मग मी तेच वाक्य शिरीषला फोनवर सांगितलं, पुण्याला सगळ्यांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं. दर वेळी सई घरातच असायची. लोक म्हणायचे, अगं, लेकरू ते, त्याला काय कळणार, तिला काही बोलू नकोस हं. मी म्हणायची, छे, मी कशाला बोलू.

त्या दिवसानंतर सई मोठ्याने हसलेली मी ऐकलेली नाही. हसू आलं की ती तोंडावर हात दाबते. तिच्या मैत्रिणींना वाटतं तिला तिच्या दातांची लाज वाटते. एकदा तर मीच तिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायची गोष्ट काढली होती — काढली होती मी. एवढा निगरगट्टपणा माझ्यात कुठून आला?

आप्पा त्यानंतर काही महिने जगले. उजवी बाजू गेली होती, वाचाही. शेवटी मास्तरांसारखे मुके झाले, असं शिरीष एकदा म्हणाला आणि बाथरूममध्ये जाऊन रडला. मी त्यांचं सगळं केलं. लोक म्हणत, पोटच्या मुलीनेही एवढं केलं नसतं. मी खोलीत गेले की आप्पा माझ्याकडे बघायचे, आणि त्यांचा डावा हात, तेवढाच चालायचा, कापत कापत वर उचलला जायचा आणि डोक्यावर यायचा. डोक्यावर ठेवायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. दर वेळी. शिरीष म्हणायचा, आप्पांना टोपी हवीय वाटतं. सई टोपी आणून त्यांच्या डोक्यावर ठेवायची. ते ती काढून बाजूला ठेवत आणि पुन्हा हात डोक्यावर.

ते मला काय म्हणत होते? तू पाहिलंस ना, असं? की मी तुला सांगितलं होतं ना? की घाबरू नकोस, मी खेळतोय, असं म्हणत होते आप्पा — मला, त्या वेळीसुद्धा? ह्या शेवटच्या विचाराने मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मी नजर खाली घालून चादर बदलायची.

गेल्या महिन्यात पुण्याच्या कुणा सिनेमा शिकणाऱ्या मुलाला मास्तरांच्या एका मूकपटाचा तुकडा सापडला. त्याने तो शिरीषला पाठवला. सईने तो पाहिला आणि तिच्या मनाने घेतलं की शनिवारच्या कार्यक्रमात आपण पडायचं, पणजोबांसारखं. आधी तो तुकडा पडद्यावर दाखवायचा, मग आजोबांचा व्हिडिओ, मग ती. मी म्हणाले, आजोबांचा व्हिडिओ जुन्या फोनबरोबर गेला. तिने दोन दिवसांत कुठल्याशा क्लाउडवरून तो शोधून काढला. आजकाल काही म्हणून जात नाही.

तिने तो पूर्ण पाहिलेला नाही. तिचं स्वतःचं हसू सुरू झालं की ती बंद करते. कार्यक्रमातही तिथपर्यंतच दाखवणार आहे. पण व्हिडिओ तिच्याकडे आहे, आणि एखाद्या दिवशी ती तो पुढे जाऊ देईल, आणि कळेल तिला की ती हसायची थांबल्यावरही कॅमेरा चालूच होता. बाहेर लिफ्ट वाजली तरी मला वाटतं, झालं, पाहिला तिने.

दिवाणखान्यात गादी टाकून ती रोज पडते. मी आत कामावर असते, धप्प असा आवाज येतो आणि मी खुर्ची सोडून धावते. प्रत्येक वेळी धावते. आधी तिच्या हाताकडे बघते.

परवा ती गादीवर बसून दोन्ही तुकडे पुन्हा पुन्हा बघत होती. मी कणीक मळत होते. ती तिच्या त्या सिंगापुरी मराठीत म्हणाली, “आई, पणजोबा ऑलवेज टोपी धरतात लाह. आजोबांनी त्या दिवशी नाही धरली. तू पाहिलंस का तेव्हा?”

मी म्हणाले, नाही गं. कोण बघतं एवढं.

ती मान हलवून म्हणाली, तिलाही दिसलं नव्हतं, ती हसत होती ना. मग भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोकडे बघून सॉरी म्हणाली — हळू, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने. मला ऐकू आलं. मी कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि हात धुतले.

थोड्या वेळाने ती आत आली आणि म्हणाली, शनिवारी माझा व्हिडिओ तूच घे, बाबा नको, त्याचा हात थरथरतो. आजोबांच्या व्हिडिओत बघितलं मी, तुझा हात अजिबात हलत नाही.

मी हो म्हटलं.